थंडी पेटी आणि पसाऱ्याचं माप

मी थंडी पेटी बोलतेय. मला कूलर म्हणू नका. कूलर कारखान्यातून येतो, खोक्यात झोपून, अंगावर गुळगुळीत कागद पांघरून. मी छिन्नी-हातोड्याखालून आलेय. माझ्या अंगावर कुठल्या कंपनीचं नाव नाही, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही.

आज माझा तळ गंजून चाळणी झालाय. मोटर जळलीय. एक पाय वाकलाय. तरी मी खुशीत आहे, अगदी ढोल वाजवावा इतकी खुशीत! तुम्हा माणसांचं नुसतं डोकं दुखलं तर घरभर हाय-हाय करता. मला बघा जरा.

मला एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. एन्ट्रॉपी. नाव ऐकून पळू नका. शाळेची पायरी मीही चढलेली नाही. शब्द आधी कानांनी ऐकला, मग अंगावर झेलला, आणि जेव्हा समजला तेव्हा वाटलं, अरे, हा एवढा मोठा शब्द आणि इतके दिवस मला कुणी सांगितला कसा नाही!

माझा पत्रा मुळात पिंपाचा. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनचं तेल घेऊन मी आले. ते टर्बाइन म्हणजे लोखंडाचं वादळ. वाफ शिरते, पाती फिरतात, वीज तयार होते, आणि जवळ उभ्या माणसाला शेजारच्याच्या कानात ओरडून बोलावं लागतं.

तिथे नवाबभाई फिटर होते. एक दिवस इंजिनिअर साहेब आले आणि म्हणाले, "वाफेची एन्ट्रॉपी फार वाढून राहिलीय. आत पाती खराब झाली असणार."

नवाबभाईंनी कपाळावरचं तेल पुसलं. "साहेब, हे एन्ट्रॉपी कोणत्या गोडाऊनमधून निघते? सांगा, आत्ता घेऊन येतो."

सगळे हसले. साहेबही हसले, पण समजावून सांगितलं हो त्यांनी. एन्ट्रॉपी ही वस्तू नाही, ते माप आहे. वाफ टर्बाइनमध्ये शिरते तेव्हा तिचं माप घ्यायचं, बाहेर पडते तेव्हा पुन्हा घ्यायचं. मधे ते जितकं जास्त वाढलं, तितकी शक्ती काम न करता वाटेत सांडली. टर्बाइन न उघडता आतलं दुखणं कळतं. पुढे टर्बाइन उघडलं तर पाती खरंच झिजलेली, कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखी.

मी कोपऱ्यात उभी, पोटात अर्धं तेल. न दिसणाऱ्या सांडलवंडीला मोजायचं माप आहे म्हणजे काय! मला तेव्हा नीट समजलं नाही, पण पत्र्यातून एक झिणझिणी गेली खरी.

तेल संपलं. मग मी भंगारात. रिकामं झालं की माणसं वस्तूकडे पाहायचं विसरतात, ही तुमची जुनी खोड. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, आणि लिलावात नवाबभाईंनी मला आणि एका जुन्या पंख्याला बहिणीसाठी उचललं.

ती बहीण म्हणजे कनीजबी. चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आतल्या गल्लीत तिचं पत्र्याचं दुकान. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता दुकान विकून टाक. तिनं नवऱ्याची छिन्नी उचलली आणि स्वतःच शिकली. बंब, कोठ्या, शेगड्या, सगळं करायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती हातोडा आणखी जोरात मारायची, म्हणजे ऐकू येत नाही.

तिनं मला कापलं, उलगडलं, चौकोनी केलं. तीन बाजूंना वाळ्याच्या जाळ्या, ती त्याला खस म्हणायची. चौथीला पंखा, खाली पाण्याची टाकी. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको की अशा पेटीची किंमत काय. वर पत्र्याची शेवटची टिकली ठोकून ती म्हणाली, "जा, थंडी पेटी. तुझ्यासमोर बसून लोक उन्हाची जळती लू विसरून जातीन."

माझ्या नशिबात लोक नव्हते. माझ्या नशिबात कोश होते.

मला न्यायला सत्यशीला आली. राजुऱ्याची पोर, वडील कोळशाच्या खाणीत. विज्ञान शिकलेली आणि आरमोरीकडच्या एका खेड्यात कोसा पाळणाऱ्यांच्या सोसायटीत तांत्रिक कामाला लागलेली. कनीजबी म्हणाली, "माझी पेटी मी बसवून देईन. तुमचे लोक उलटी लावतीन अन् नाव माझं खराब होईन." मग आम्ही तिघी ट्रकमधून निघालो, धानाच्या रिकाम्या पोत्यांवर, येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, आणि मोहाच्या रानातून.

कोसा ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. येनाच्या झाडावर अळ्या वाढतात, स्वतःभोवती रेशमाचा टणक कोश विणतात. बहुतेक कोश सूत काढायला जातात. पण काही बियाण्यासाठी राखायचे. त्यांच्या माळा करून उन्हाळाभर बीजघरात टांगायच्या. मृग लागला की कोश फोडून पाखरं बाहेर येतात, त्यांची जोडी जमते, अंडी होतात आणि नव्या हंगामाला अळ्या मिळतात.

त्या माळा रुखमाबाईच्या होत्या. ढिवर समाजाची म्हातारी, पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. तिच्या सासूच्या सासूनं राखलेलं बियाणं, याच रानाच्या पानावर पोसलेलं. गेल्या उन्हाळ्यात निम्मे कोश आतल्या आत मेले होते. यंदा उरलेले गेले की तो वंश संपला. मग सोसायटी बाहेरच्या राज्यातून अंडी आणणार होती, आणि ती या येनावर टिकतील का, याची कुणालाच खात्री नव्हती.

आणि कोश मेले का? तर घर बदललं म्हणून. आधी बीजघर मातीचं होतं, कौलारू. होळी झाली की रुखमाबाई त्याची खिडकी शेणमातीनं लिंपायची, आणि मृगापर्यंत ती उघडायची नाही अशी तिच्या घरची रीत. जाड भिंती, बंद खिडकी, आत गारवा टिकायचा. रीत शंभर टक्के बरोबर होती! मग सोसायटीनं हौसेनं नवी खोली बांधली, वर सिमेंटचे पत्रे. रुखमाबाईनं तिथलीही खिडकी लिंपली. पण पत्र्याखाली कोश भाजले.

म्हणून मी. मला खोलीच्या मधोमध ठेवलं, वर माळा, खिडकी यंदाही लिंपलेली, दार बंद, दाराच्या फटीत पोती. पाणी भरायला सोमाजीभाऊ, सोसायटीचा चौकीदार. पंखा सुरू झाला आणि तो ओरडला, "अबे, इथी तं काश्मीर आलं!" कनीजबीनं पदर असा खोचला, जणू काश्मीर तिनंच कापून आणलं.

पहिली दुपार माझ्या आयुष्यातली सर्वांत मानाची दुपार. दुसऱ्या दिवशी भिंतींना घाम आला.

माझं मला कळत होतं. ज्या हवेला मी भिजवून सोडायची, तीच माघारी माझ्या वाळ्यातून शिरायची. पाणी उडेना. पंखा फिरतोय, टाकी भरलेली, आणि गारवा मात्र नाही. नुसता दमट कोंदटपणा. तोंड असतं तर मी किंचाळले असते.

आणि मग, मृग महिनाभर लांब असताना, एक नर पाखरू कोश फोडून बाहेर आलं.

रुखमाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "अवेळी निंगालं वं माय! मादी नाई, मौसम नाई, कोनासाठी आला रे बावा तू? कोनं तरी चप्पल घालून आत आलं हाय. सोमाजी, तूच असशीन!"

"बाई, माझ्याकडं चप्पलच नाई," सोमाजीभाऊ म्हणाला.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन निघाली. ओल लागली म्हणून त्या बिचाऱ्यांना आत वाटलं, पावसाळा आला.

कनीजबी दारापाशी वाकून बघत होती. "फट राह्यली असन. थंडी पळून चालली. अजून पोती ठोसा."

"पोती काढा," सत्यशीला म्हणाली.

"काय?"

"पोती काढा, अन् खिडकीही खोला."

एका क्षणात दोन्ही बायका तिच्यावर तुटून पडल्या. मला तर मजा वाटली, खोटं कशाला बोलू. कनीजबी म्हणाली, "मी पत्रा कापते, तू कागद काप. खिडकी खोलली तं थंडी आत ठेवाची कशी?" आणि रुखमाबाई म्हणाली, "माझी सासू मेली पण खिडकी नाई उघडली. तू कालची पोर, मले शिकवून राह्यली?"

सत्यशीला भांडली नाही. तिनं दोन थर्मामीटर आणले. एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली, दुसरं कोरडंच ठेवलं. थोड्या वेळानं दोन्हींचा पारा जवळजवळ एकाच रेघेवर. "बघा. चिंधीतलं पाणी उडतच नाई. हवा भरली. पेटीतलं पाणीही तसंच अडकलं."

मग तिनं रुखमाबाईचं सूप मागितलं. एका बाजूला तांदूळ, दुसऱ्या बाजूला लाखोळीची डाळ. दोन-चारदा हलवलं. सगळं मिसळून गेलं.

"बाई, आता हलवत राहा. तांदूळ एकीकडं अन् लाखोळी एकीकडं, असं पुन्हा आपोआप होईन?"

"येडी काय तू? निवडा लागन."

"मिसळून पडायच्या तऱ्हा अगणित, निवडून राहायच्या थोड्या. म्हणून हलवलं की पसारा वाढतेच. त्या पसाऱ्याचं जे माप, त्याले एन्ट्रॉपी म्हणतेत."

मी पंख्यासकट थरारले. तोच शब्द! टर्बाइनजवळचा! इथं, सुपात!

ती बोलत गेली आणि मी पाणी विसरले. तुम्ही निवडलं तर सुपातला पसारा कमी होतो, पण तुमच्या अंगातून घाम जातो, ऊब जाते, पोटातली भाकर खर्ची पडते. इथं जितका आवरला त्याहून जास्त पसारा बाहेर सांडतो. पेटीचंही तसंच. टाकीतलं पाणी वाफ होऊन हवेत पसरतं, आणि त्या पसरण्याच्या ओढीनं उष्णता घेऊन जातं, म्हणून गारवा. पण पसरायला जागा तर हवी! हवा आधीच भरली असेल तर पाणी जाईल कुठं? म्हणून बाहेरची कोरडी हवा आत घ्यायची आणि ओली हवा बाहेर सोडायची. आत नीटनेटकं हवं असेल तर बाहेर टाकायला वाट पाहिजे.

कनीजबीनं पंख्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं. ती अशी बघायला लागली की डोक्यात पत्रा कापत असते, हे मला एव्हाना ठाऊक होतं. "म्हणजे लू आत घ्यायची?" ती हळूच म्हणाली. "जितकी कोरडी, तितकी बरी? या अल्ला! म्हणजे दुश्मनालेच नोकरीवर ठेवाचं!"

पण रुखमाबाई खिडकीसमोर पाठ लावून उभी. तिचा प्रश्न हवेचा नव्हताच. त्या लिंपलेल्या मातीत तिच्या सासूचा हात होता. "खिडकी खोलली अन् बीज मेलं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

सत्यशीलानं माळेतला एक कोश अलगद तळहातावर घेतला. "बाई, याले दार हाय?"

"नाई."

"खिडकी?"

"नाई."

"मग आतला जीव श्वास कुठून घेते?"

रुखमाबाई कोशाकडे बघत राहिली. आयुष्यभर तिनं कोश उकळले होते, कातले होते, उजेडासमोर धरून पाहिले होते. "बारीक भोकं असतेत," ती म्हणाली. "दिसत नाई, पण असतेत. कोश तेलात बुडला तं आतला मरते."

"तुमचं बीजच वाट ठेवून झोपलं हाय, बाई. तुम्ही घराले तेवढी ठेवा."

बाहेर लू घोंघावत होती. मग रुखमाबाईनं कमरेचा विळा काढला आणि खिडकीच्या मातीत खुपसला. पहिली ढेकळं पडली तेव्हा तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते, सासूची माफी मागत असेल, नाहीतर सासूला दटावत असेल. त्या म्हातारीचं काही सांगता येत नाही.

मला उचलून दारात बसवलं, तोंड आत, पाठ उन्हाला. दाराची बाकीची जागा पोत्यांनी बंद. समोर उघडी खिडकी. सोमाजीभाऊनं पाणी ओतलं, पंखा फिरला, आणि माझ्या पाठीवर आली ती चंद्रपूर-गडचिरोलीची भर मे महिन्यातली लू, कोरडी ठाक, जळजळीत. अहो, काय सांगू! वाळ्याच्या काडीकाडीतून पाणी उधळलं! मी गार वारा फेकला, तो माळांखालून धावत गेला, आणि खिडकीतून ओली हवा भसाभस बाहेर पडली. चिंधीच्या थर्मामीटरचा पारा कोरड्याच्या पुष्कळ खाली उतरला. सत्यशीला टाळ्या वाजवत नाचली, हो, शिकलेली बाई, सोसायटीच्या खोलीत.

"बस, बस," कनीजबी म्हणाली. "नाचली तं झालं. अन् पाली?"

"कोणत्या पाली?"

"उघड्या खिडकीतून पाली येतीन अन् तुझी एन्ट्रॉपी खातीन." तिनं त्याच दुपारी तारेची जाळी बसवली, आणि पत्र्याची झडप केली, वारा पडला की जास्त उघडायची, सुटला की कमी. आधी भोक लहान केलं तर खोली पुन्हा दमट झाली, मोठं केलं तर गार वारा माळांना न शिवता निघून गेला. कापून, वाकवून, ठोकून तिनं मधलं माप गाठलं. विचार एकीनं दिला, आकार दुसरीनं. मला दोघींचा सारखाच अभिमान आहे.

अवेळी निघणारी पाखरं आठवड्याभरात थांबली. काही कोश गेले, ते गेले. उरलेले शांत झोपले.

पण सत्यशीला शांत बसणारी नव्हती. पाखरं एकाच वेळी निघाली पाहिजेत, नाहीतर नर आज आणि मादी पंधरा दिवसांनी, जोडी कशी जमणार? तर कोणत्या दिवशी किती निघतील याच्या विखुरण्यालाही तिनं तेच माप लावलं. सगळी एकाच आठवड्यात, तर माप लहान. महिनाभर विखुरली, तर मोठं. म्हणे तारेच्या आणि टेलिफोनच्या संदेशांसाठीही शास्त्रज्ञ हेच वापरतात: पुढं काय येणार याचा अंदाज जितका कठीण, तितकं माप मोठं.

"म्हणजे आधीच ठाऊक असलेली गोष्ट कोणी सांगितली तं?" सोमाजीभाऊनं विचारलं.

"तं माप शून्य. त्यात नवीन काहीच नाई."

"मग माझ्या बायकोच्या बोलण्याची एन्ट्रॉपी शून्य हाय, मॅडम. रोज तेच! घरी कवा येता, कवा येता."

रुखमाबाई फिस्सकन हसली. खिडकी उघडल्यापासून पहिल्यांदा.

मी मात्र हसण्याच्या पलीकडे गेले होते. वाफ, सूप, पेटी, पाखरं, तारेतली बातमी, या सगळ्यांना एकच माप! ज्यांनी ते शोधलं त्यांना मी जन्मभर गार वारा घातला असता.

माझी मोटर दिवसरात्र फिरली. इथलं पाणी जड, तळ खात गेलं. गंज म्हणजे तरी काय, पत्र्याचा पसाराच. मृगाचं आभाळ भरून आलं त्या दिवशी मोटरीतून धूर निघाला आणि मी थांबले. मला उचलून खोलीच्या कोपऱ्यात सरकवलं. कनीजबी एव्हाना चंद्रपूरला परतली होती, तिला निरोप गेला. ती छिन्नी घेऊन आली, कापून तळ बदलायला.

ती आली आणि त्याच दिवेलागणीला कोश हलायला लागले. एक, मग चार, मग माळच्या माळ! तपकिरी, पिवळी, पंखांवर काचेसारखे डोळे असलेली पाखरं, नर आणि मादी, सगळी बरोबर. सत्यशीला मोजता मोजता रडायला लागली. रुखमाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "रडते काऊन वं? जोड्या लाव, जोड्या! रात्र कमी हाय."

दुसऱ्या संध्याकाळी माद्यांना पानांच्या द्रोणात ठेवलं. एक मादी द्रोणातून निसटली, खोलीभर भिरभिरली आणि येऊन बसली कुठं? माझ्यावर. माझ्या गंजलेल्या पाठीवर तिनं अंडी घातली, एकाला लागून एक, चिकटवून, ओळीनं.

सकाळी कनीजबीनं छिन्नी टेकवली आणि रुखमाबाई ओरडली, "हात लावू नको!"

"अवो, माझी पेटी हाय!"

"असन तुझी. तिच्यावर माझं बीज हाय. अंडी फुटेपर्यंत हिले छिन्नी नाई."

"मग मी काय रिकाम्या हातानं जाऊ?"

"जाते काऊन? राह्य. झिंगे आणले हायेत."

कनीजबी राहिली. झिंग्यांना नावं ठेवत ठेवत दोनदा वाढून घेतलं, आणि मोकळ्या वेळात सोसायटीच्या सगळ्या खिडक्यांना झडपा ठोकल्या.

आज सकाळी अंडी फुटली. दाभणाच्या टोकाएवढ्या अळ्या माझ्या पत्र्यावरून चालल्या, आणि त्यांचे पाय मोजता आले असते तर मी मोजले असते. रुखमाबाईनं येनाची कोवळी फांदी माझ्याशी लावून धरली. एकेक करून सगळ्या चढल्या. ती फांदी तिनं नेऊन समोरच्या झाडाला बांधली आहे, मला इथून दिसते.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला एकच विनंती. कठीण शब्द ऐकला की तो साहेबांचा म्हणून सोडून देऊ नका. मी पिंप होते, मला उमगला. तुम्हाला तर डोकं आहे.

माझं काय होईल ते ठाऊक नाही. नवा तळ लागला तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा लूला अंगावर घेईन. पत्रा अगदीच गेला असेल तर कनीजबी चांगला भाग काढून बंब करेल. गारवा देऊन झाला, आता ऊन पाणी देऊन बघू! कसला अंदाज बांधता, माझं माप सध्या फार मोठं आहे.

ती आलीच बघा, पदर खोचून. ये बाई, घाल छिन्नी. पहिला घाव जोरात घाल, पार त्या येनाच्या शेंड्यापर्यंत ऐकू जाऊ दे.